पितृऋण आणि काचेची पेटी

मॉस्कोतल्या रुम्यान्त्सेव संग्रहालयाच्या ग्रंथालयात १८७४ पासून सुमारे पंचवीस वर्षे निकोलाय फ्योदोरोविच फ्योदोरोव नावाचे एक गृहस्थ नोकरीला होते. पगार तुटपुंजा, आणि त्यातलाही बराचसा ते गरजूंना वाटून टाकत. चहा आणि पाव हे त्यांचे जेवण. एका लाकडी पेटाऱ्यावर अंग टाकून चार तास डोळा लागला की त्यांची झोप पुरी होई. वाचकाने एक पुस्तक मागितले तर ते त्याच विषयावरची आणखी चार पुस्तके समोर आणून ठेवत. स्वतःचे चित्र काढू देणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून लिओनिद पास्तरनाक या चित्रकाराने वाचनालयात पुस्तकांच्या आडोशाने, चोरून त्यांचे रेखाटन केले. आज फ्योदोरोवांचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो त्यामुळे.

या माणसाच्या डोक्यात एक विचार होता आणि तो आयुष्यभर हटला नाही. मृत्यू ही नियती नाही, तो आपण अर्धवट टाकलेल्या कामाचा परिणाम आहे, असे ते मानत. माणसे एकमेकांविरुद्ध सैन्ये उभी करतात. ती शक्ती, ती शिस्त, ते सगळे विज्ञान एकत्र करून निसर्गातल्या आंधळ्या संहाराविरुद्ध वापरले तर मरण हटवता येईल. पण तेवढ्याने त्यांचे समाधान नव्हते. आपण अमर झालो आणि आपले बापजादे मातीत राहिले, तर ते अमरत्व त्यांच्या लेखी चोरीचे होते. ज्यांच्या कष्टांवर आपण उभे आहोत त्या सगळ्यांना, पहिल्या माणसापर्यंत, परत आणले पाहिजे. विखुरलेले कण शोधून, जुळवून, प्रत्येक पिढीने आपल्या आधीच्या पिढीला जिवंत करायचे. मग एवढी माणसे पृथ्वीवर मावणार कशी? त्यासाठी दुसरे ग्रह वसवायचे. या सगळ्याला त्यांनी नाव दिले होते ‘सामायिक कार्य’.

मराठी वाचकाला यातला एक धागा ओळखीचा वाटेल. पितृऋण आपल्याकडे मानलेले आहे, आणि भाद्रपदात पिंड ठेवून, काकस्पर्शाची वाट पाहून ते फेडल्याचे समाधान आपण करून घेतो. फ्योदोरोवांना असे प्रतीकात्मक फेडणे पुरेसे वाटत नव्हते. ज्याचे ऋण आहे तो माणूसच परत आणा, असे त्यांचे म्हणणे होते. आणि हे म्हणणारा माणूस स्वतः प्रिन्स पावेल गागारिन यांचा अनौरस मुलगा होता. बापाचे नाव त्यांना मिळाले नव्हते. पितृनाम आणि आडनाव दोन्ही धर्मपित्याकडून आलेले. ज्याला बाप नीट लाभला नाही त्याने जगातल्या सगळ्या बापांना परत आणायचा ध्यास घ्यावा, याकडे मी केवळ विक्षिप्तपणा म्हणून पाहू शकत नाही. त्यात एक फार जुनी जखम आहे.

त्या काळच्या रशियात हा विचार दुर्लक्षित राहिला नाही. फ्योदोरोवांच्या एका शिष्याने त्याचा मसुदा दस्तयेव्हस्कींना धाडला, आणि १८७८ साली त्यांनी तो मनापासून वाचल्याचे कळवले. टॉलस्टॉय ग्रंथालयात येत, गप्पा मारत, त्यांच्या साधेपणाचे कौतुक करत. पण दोघांच्या वाटा उलट्या होत्या. टॉलस्टॉयनी १८८६ मध्ये ‘इव्हान इल्यिचचा मृत्यू’ लिहिले. त्यात एक साधा सरकारी अधिकारी आजारपणाच्या अंधारात मरणाशी झगडत झगडत शेवटी त्याला सामोरा जातो. मरण स्वीकारल्यावरच जगणे उमगते, ही टॉलस्टॉयची दिशा होती. फ्योदोरोवांना असा स्वीकार म्हणजे कर्तव्यातून पळ काढणे वाटे. पुढे दोघांचे बिनसले ते बिनसलेच.

याच्या काही वर्षे आधी ऐकू कमी येणारा एक गरीब पोरगा मॉस्कोत स्वतःच्या स्वतः शिकायला आला होता. फ्योदोरोवांनी त्याला पुस्तके पुरवली, सहसा हाती न पडणारीही. त्याचे नाव कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की. अग्निबाणाच्या साहाय्याने पृथ्वीबाहेर कसे जाता येईल याचे गणित १९०३ मध्ये ज्यांनी छापले, ते हेच. त्या वर्षीच्या डिसेंबरात फ्योदोरोव न्यूमोनियाने गेले. त्यांच्या लेखनाचा पहिला खंड शिष्यांनी १९०६ मध्ये वेर्नी या दूरच्या गावी, म्हणजे आजच्या अल्माटीत छापला. प्रती अवघ्या ४८०, आणि त्याही विकायच्या नाहीत, मागेल त्याला फुकट द्यायच्या.

मग महायुद्ध आले, क्रांती आली, यादवी आली. टायफसने गावेच्या गावे मेली. १९२१-२२ च्या व्होल्गाकाठच्या दुष्काळात सुमारे पन्नास लाख लोक दगावले. एवढ्या प्रेतांच्या मधोमध मॉस्कोत काही तरुण कवी आणि अराजकवादी एकत्र जमून ‘बायोकॉस्मिस्ट’ म्हणवून घेऊ लागले. अमर राहण्याचा आणि अंतराळात संचार करण्याचा हक्क हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असा त्यांचा जाहीरनामा होता. सरकारने जमिनी वाटल्या, कारखाने वाटले, मग मृत्यूपासून सुटका का नाही, असे ते विचारत. वाचताना हे उथळ वाटू शकते. मला तसे वाटत नाही. ज्यांनी चार वर्षांत आपली निम्मी आळी स्मशानात पोचवली असेल, त्यांच्या तोंडी ‘जन्मले ते मरणारच’ हे वाक्य सहज येणार नाही.

कवींचे सोडा, सत्तेच्या आतल्या वर्तुळातही हे वारे शिरले होते. लिओनिद क्रासिन हे बोल्शेविक पक्षातले जुने, निष्णात इंजिनियर. १९२१ मध्ये एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की असा दिवस येईल जेव्हा विज्ञान मेलेल्यांना उठवू शकेल, आणि तेव्हा इतिहासातल्या थोर पुरुषांना परत आणता येईल. फ्योदोरोवांचे बोल इथे ऐकू येतात, पण एका ठिकाणी ते मुरगळले गेले आहेत. फ्योदोरोवांना सगळे हवे होते: शेतमजूर, विधवा, पाळण्यात गेलेली पोरे. क्रासिनना थोर पुरुष हवे होते. ‘सगळे’ जाऊन ‘थोर’ आले, आणि पुढचा सगळा इतिहास या एका फरकातून उलगडत गेला असे मला वाटते.

ज्या थोर पुरुषावर हा प्रयोग व्हायचा होता, त्याचे मृत्यूविषयीचे मत मात्र वेगळेच होते. नोव्हेंबर १९११ मध्ये पॅरिसजवळ द्राव्हेयला पॉल लाफार्ग आणि त्यांची पत्नी लॉरा, म्हणजे मार्क्सची मुलगी, यांनी ठरवून जीवन संपवले. म्हातारपण शरीर आणि बुद्धी हिरावून नेण्याआधी आपण जातो, असे लाफार्गनी लिहून ठेवले होते. त्यांच्या अंत्यविधीत लेनिननी भाषण केले. घरी आल्यावर ते पत्नी नादेज्दा क्रुप्स्कायांना म्हणाले की माणसाच्या हातून पक्षाचे काम होईनासे झाले तर सत्याच्या डोळ्याला डोळा भिडवून असेच जाता आले पाहिजे. ही आठवण क्रुप्स्कायांनी स्वतः नोंदवली आहे.

मे १९२२ मध्ये लेनिनना पहिला झटका आला. उजवे अंग लुळे पडले, बोलणे अडखळू लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी स्टालिनना बोलावून विष मागितले. स्टालिननी वेळ मारून नेली. डिसेंबरात दुसरा झटका, आणि १० मार्च १९२३ च्या तिसऱ्या झटक्याने वाचाच गेली. त्या मार्चमध्ये स्टालिननी पॉलिटब्यूरोला एक चिठ्ठी लिहिली. क्रुप्स्कायांमार्फत लेनिन पोटॅशियम सायनाइडची मागणी करत आहेत, आणि ती पुरी करण्याचे बळ आपल्यात नाही, असे तिच्यात होते. ज्या माणसाने शब्दांच्या जोरावर राज्य उलथवले, त्याला बायकोच्या मदतीने एकेक शब्द पुन्हा गिरवावा लागत होता. या दहा महिन्यांबद्दल वाचताना राजकारण मागे पडते. क्रांतीच्या नावाने जे जे झाले त्याचा हिशेब तसाच उभा असतो, पण समोर दिसतो तो एक असहाय नवरा आणि त्याच्या उशाशी बसलेली बायको.

मरणाच्या दोन दिवस आधी क्रुप्स्काया त्यांना जॅक लंडनची ‘लव्ह ऑफ लाइफ’ ही कथा वाचून दाखवत होत्या. बर्फाळ ओसाडीत उपाशी माणूस आणि आजारी लांडगा दोघेही दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहत सरपटत असतात, आणि माणूस तग धरतो. लेनिनना ती फार आवडली. २१ जानेवारी १९२४ च्या संध्याकाळी, सात वाजायला दहा मिनिटे असताना, मॉस्कोजवळच्या गोर्की या गावी ते गेले. वय ५३. शवविच्छेदनात मेंदूच्या रक्तवाहिन्या चुना साचून कडक झालेल्या आढळल्या.

पार्थिव मॉस्कोच्या हाउस ऑफ युनियन्समध्ये ठेवले होते. हाडे गोठवणारी थंडी होती, रस्त्यांवर शेकोट्या पेटवलेल्या, आणि रांगेत लाखो माणसे. लाल चौकातली जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा खणायला सुरुंग लावावे लागले. वास्तुरचनाकार अलेक्सेई श्चुसेव यांनी तीन दिवसांत लाकडाची तात्पुरती समाधी उभी केली आणि २७ जानेवारीला शवपेटी तिथे ठेवली गेली. आदल्याच दिवशी पेत्रोग्रादचे नाव लेनिनग्राद झाले होते.

३० जानेवारीच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात क्रुप्स्कायांचे एक छोटे पत्र आले. आपले दुःख इल्यिचच्या, म्हणजे लेनिनच्या, व्यक्तिपूजेत वाहू देऊ नका, असे त्यांनी कामगारांना विनवले. पुतळे नकोत, त्यांच्या नावाचे वाडे नकोत, सोहळे नकोत. जिवंतपणी त्यांना या गोष्टींचा भार वाटे. त्यांच्या नावाचा मान राखायचा असेल तर पाळणाघरे बांधा, बालवाड्या, घरे, शाळा बांधा. विधवेने केलेली ही मागणी मला सबंध प्रकरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. गेलेल्या माणसाचे काय करायचे याचे उत्तर तिच्यात आहे, आणि आजूबाजूच्या कोणालाही ते ऐकायचे नव्हते.

अंत्यविधीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते गुप्त पोलिसांचे प्रमुख फेलिक्स झेर्झिन्स्की. या समितीचे नावही पुढे बदलले आणि त्यात ‘स्मृती अमर करण्याचा’ उल्लेख आला. देह जतन करायला क्रुप्स्कायांचा विरोध होता, घरच्या मंडळींचा होता, लेनिनचे जुने सहायक बोंच-ब्रुयेविच यांचाही होता. क्रासिन समितीत होते. देह गोठवून ठेवावा असे त्यांचे मत पडले. जर्मनीहून शीतयंत्रे मागवायची, दुहेरी काच लावायची, असा बेत चालू झाला. बेत तडीस जाईपर्यंत मार्च उजाडला, थंडी ओसरू लागली, आणि कातडीवर डाग दिसू लागले.

मग दोन माणसे पुढे आली. बोरिस झ्बार्स्की हे रसायनतज्ज्ञ. त्यांच्या घराशी पास्तरनाकांचा जुना स्नेह होता. चित्रकाराचा मुलगा, कवी बोरिस पास्तरनाक, तरुणपणी उरलमध्ये त्यांच्याकडे राहिला होता. गोठवून उपयोग नाही, बर्फाखालीही कुजणे चालूच राहते, असे झ्बार्स्कींनी झेर्झिन्स्कींना पटवले. दुसरे खार्कोवचे शरीररचनाशास्त्रज्ञ व्लादिमीर वोरोब्योव. यादवीत ते ‘गोऱ्यां’च्या, म्हणजे क्रांतिविरोधकांच्या, बाजूचे गणले गेले होते, काही काळ बल्गेरियात परागंदाही होते. त्यामुळे हे काम अंगावर घ्यायला ते धजत नव्हते. फसले तर शास्त्रातली चूक म्हणून कोणी सोडून देणार नव्हते. २६ मार्चला काम सुरू झाले. फॉर्मॅलिन, अल्कोहोल, ग्लिसरीन, पोटॅशियम ॲसिटेट, एकामागून एक द्रावणे पेशींत मुरवत सुमारे चार महिने ते रात्रंदिवस खपले. १ ऑगस्ट १९२४ रोजी समाधीचे दार लोकांसाठी उघडले. कॉन्स्तान्तिन मेल्निकोव यांनी काचेची पेटी केली होती. लाकडाच्या जागी आजची ग्रॅनाइटची वास्तू आली ती १९३० मध्ये.

मेंदू आधीच काढून घेतला होता. बर्लिनचे मेंदूतज्ज्ञ ओस्कर फोख्ट यांना पाचारण करून त्याचे तीस हजारांहून अधिक पातळ काप करण्यात आले, प्रतिभेचे मूळ पेशींत सापडावे म्हणून. बाह्यकाच्या तिसऱ्या थरातल्या काही पेशी मोठ्या आहेत, असे फोख्टनी १९२९ मध्ये जाहीर केले. त्यापलीकडे हाती काही लागले नाही. पण त्यातून मेंदूसंशोधनाची एक संस्था उभी राहिली आणि नामवंतांचे मेंदू तिथे जमू लागले. कवी मायकोव्हस्कींचाही तिथेच आला. १९२३ च्या ‘प्रो एतो’ या दीर्घ कवितेत त्यांनी तिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञाकडे स्वतःला पुन्हा जिवंत करण्याची मागणी केली होती. मेलेल्यांना उठवणे शक्य आहे असे ते मित्रांशी अगदी गंभीरपणे बोलत. एप्रिल १९३० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

समाधीतला देह मात्र राहिला. आठवड्यातून ठराविक वेळा उघडी कातडी द्रावणाने ओली करायची, ठराविक काळाने संपूर्ण देह द्रावणाच्या कुंडात बुडवायचा, हा क्रम लागला. जुलै १९४१ मध्ये जर्मन सैन्य पुढे सरकू लागले तेव्हा खास गाडीने तो सैबेरियातल्या तुमेनला हलवण्यात आला. झ्बार्स्की कुटुंबासह बरोबर गेले. त्याच हिवाळ्यात, ज्या शहराला लेनिनचे नाव दिले होते त्या लेनिनग्रादमध्ये, वेढ्यात अडकलेली माणसे रस्त्यात कोसळत होती. पोरे लहानग्या घसरगाडीवरून आयांची प्रेते ओढत नेत होती, आणि खड्ड्यांत नावाशिवाय त्यांना लोटले जात होते. मेले ते काही लाख. एक देह टिकवायला औषधे, तापमान, पहारा, तज्ज्ञ. आणि बाकीच्यांना माती मिळायचीही मारामार. फ्योदोरोवांच्या स्वप्नाची याहून क्रूर उलटापालट मला ठाऊक नाही. त्यांची स्वतःची कबरही उरली नव्हती. ज्या मठाच्या दफनभूमीत त्यांना पुरले होते ती क्रांतीनंतर सपाट झाली आणि तिथे खेळाचे मैदान झाले.

क्रुप्स्काया अधूनमधून समाधीत जात. १९३८ मध्ये त्या शेवटच्या गेल्या तेव्हाची आठवण झ्बार्स्कींकडून आली आहे. बराच वेळ त्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, हे आहेत तसेच आहेत, मी मात्र किती म्हातारी होत चालले. फेब्रुवारी १९३९ मध्ये, सत्तरावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या गेल्या. त्यांचे दहन झाले.

१९५२ मध्ये ज्यूविरोधी मोहिमेच्या लाटेत झ्बार्स्कींनाच अटक झाली. स्टालिन मेल्यावर ते सुटले आणि वर्षभरात वारले. स्टालिनचा देह लेनिनशेजारी ठेवला गेला होता. ऑक्टोबर १९६१ च्या पक्षाच्या अधिवेशनात दोरा लाझुर्किना नावाच्या वृद्ध बाई बोलायला उठल्या. जुन्या बोल्शेविक. स्टालिनच्या काळात कित्येक वर्षे त्यांनी तुरुंगात आणि छावण्यांत काढली होती. त्या म्हणाल्या, मी काल इल्यिचचा सल्ला घेतला. ते जणू माझ्यासमोर जिवंत उभे होते आणि म्हणाले की पक्षाला इतकी संकटे आणणाऱ्या स्टालिनच्या शेजारी पडून राहणे मला सहन होत नाही. देव आणि परलोक नाकारणाऱ्या त्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ३१ ऑक्टोबरच्या रात्री स्टालिनचा देह काढून क्रेमलिनच्या भिंतीजवळ पुरण्यात आला.

मॉस्कोची ही विद्या देशोदेशी गेली. व्हिएतनामचे हो चि मिन्ह यांनी मृत्युपत्रात लिहिले होते की आपले दहन करावे, राखेचे तीन भाग करून देशाच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांत टेकड्यांवर ठेवावेत. २ सप्टेंबर १९६९ रोजी ते गेले. मृत्युपत्र छापताना तेवढा मजकूर गाळला गेला आणि रशियन तज्ज्ञांच्या मदतीने देह जतन झाला. खरी इच्छा लोकांना अधिकृतपणे कळली ती १९८९ मध्ये.

या सगळ्यात एक माणूस बाजूला राहिला आहे, आणि त्याच्याबद्दल मला जास्त आपुलकी वाटते. अलेक्झांडर बोगदानोव पेशाने डॉक्टर, बोल्शेविक पक्षाच्या संस्थापकांपैकी, एके काळी लेनिनचे उजवे हात. १९०८ मध्ये काप्री बेटावर लेखक गॉर्कींच्या घरी दोघे बुद्धिबळ खेळत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढच्या वर्षी लेनिननी त्यांच्यावर तत्त्वज्ञानाचे एक जाडजूड पुस्तक सोडले आणि त्यांना गटातून बाहेर काढले. बोगदानोवांनी १९०८ मध्येच ‘क्रास्नाया झ्व्येज्दा’, म्हणजे ‘लाल तारा’ ही कादंबरी लिहिली होती. तिच्यात मंगळावरची माणसे एकमेकांशी रक्ताची देवाणघेवाण करून आयुष्य वाढवतात. तरुणाचे रक्त वृद्धाला, वृद्धाचे तरुणाला.

आपल्याला इथे ययाती आठवतो. पण ययातीने पुरूचे तारुण्य घेतले आणि आपले जरठपण त्याच्या अंगावर टाकले. बोगदानोवांच्या मनातला व्यवहार वेगळा होता. म्हाताऱ्याच्या रक्तात आयुष्यभर रोगांशी लढून कमावलेली प्रतिकारशक्ती असते, ती तरुणाला मिळावी. तरुणाच्या रक्तातला जोम म्हाताऱ्याला मिळावा. दोघांचेही भले व्हावे. समाजवाद धमन्यांत उतरवण्याची ही कल्पना होती. क्रासिन रक्ताल्पतेने खंगले होते. बोगदानोवांनी त्यांना रक्त चढवले आणि काही काळ तरतरी आली. पण नोव्हेंबर १९२६ मध्ये ते लंडनला वारले. ज्यांना थोर पुरुषांचे देह राखायचे होते त्यांची स्वतःची राख क्रेमलिनच्या भिंतीत ठेवली गेली.

त्याच १९२६ साली मॉस्कोत बोगदानोवांच्या हाताखाली रक्तसंक्रमणाची सरकारी संस्था सुरू झाली. ती जगातल्या अशा पहिल्या संस्थांपैकी होती. प्रयोग ते आधी स्वतःवर करत. दहा-अकरा वेळा त्यांनी रक्ताची अदलाबदल केली होती. २४ मार्च १९२८ रोजी त्यांनी क्षय आणि हिवतापाची पार्श्वभूमी असलेल्या एका तरुण विद्यार्थ्याशी अदलाबदल केली. काही तासांत दोघांनाही थंडी-ताप भरला. मग बोगदानोवांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले. पंधरा दिवस ते स्वतःच्या लक्षणांवर डॉक्टरच्या नजरेने लक्ष ठेवून होते. ७ एप्रिलला ते गेले, वय ५४. रक्तगटांविषयीचे ज्ञान तेव्हा अपुरे होते, आणि वारंवार रक्त घेतल्याने शरीर बिथरलेले असण्याची शक्यता मोठी होती. विद्यार्थी बरा झाला.

अमरत्वाचा सिद्धान्त त्यांच्याबरोबर संपला. संस्था संपली नाही. नाव बदलत बदलत ती आजही मॉस्कोत रक्तविकारांवर उपचार करते. १९२८ मध्येच खार्कोवचे शल्यचिकित्सक व्लादिमीर शामोव यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की मृत्यूनंतरही काही तास रक्त जिवंत राहते आणि दुसऱ्या शरीरात काम करते. मॉस्कोच्या स्क्लिफोसोव्हस्की रुग्णालयात सेर्गेई युदिन नावाचे शल्यविशारद होते. त्यांनी हे वाचले आणि संधीची वाट पाहिली. २३ मार्च १९३० रोजी मनगटाच्या शिरा कापून घेतलेला एक तरुण इंजिनियर तिथे आणला गेला, नाडी जवळजवळ बंद. युदिननी काही तासांपूर्वी अचानक मरण पावलेल्या साठीच्या एका माणसाचे रक्त त्याला चढवले. इंजिनियर वाचला.

तो साठीचा माणूस कोणी थोर नव्हता. त्याचे नाव कुठल्या समाधीवर नाही. युदिननी पुढच्या काही वर्षांत अशी शेकडो संक्रमणे केली, रक्त तपासून, शीतपेटीत बाटल्यांत भरून ठेवायची पद्धत बसवली, आणि त्याची वर्णने परदेशांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत छापली. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातले डॉक्टर बर्नार्ड फँटस यांच्या वाचनात ती आली. मृतांचे रक्त घ्यायला आपल्याकडे लोक तयार होणार नाहीत, असा विचार करून त्यांनी जिवंत दात्यांकडून रक्त घेऊन साठवायला सुरुवात केली आणि मार्च १९३७ मध्ये रुग्णालयाच्या एका खोलीत रक्तपेढी उघडली. रुग्णाला जेवढे रक्त लागेल तेवढे त्याच्या नातेवाइकांनी किंवा मित्रांनी नंतर भरून द्यायचे, असा तिथला नियम होता.